सवय कशी लागते, स्वभाव कसा घडतो : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात मानसशास्त्र शिकवतो. वर्गातली मुलं परीक्षेपुरतं विचारतात. खरे प्रश्न येतात ते पालकसभेत, अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर, नाहीतर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्याकडून. बहुतेक प्रश्न सवयीभोवतीच फिरतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत, फक्त थोडे झाडून-पुसून घेतले आहेत.

रोज करतो ती प्रत्येक गोष्ट सवयच का?

नाही. विजेचं बिल दर महिन्याला भरता, पण ते लक्षात ठेवावं लागतं. सवयीला लक्षात ठेवावं लागत नाही, तिला फक्त निमित्त लागतं. जेवण झालं की बडीशेपेच्या डबीकडे हात जातो. गाडीला किल्ली लावली की पाय आपोआप स्टँड मागे सारतो. तेच ठिकाण, तीच वेळ, तेच काम आणि त्यातून काहीतरी बरं वाटणं, हे पुष्कळदा एकापाठोपाठ घडलं की पुढे नुसतं निमित्त दिसलं तरी हात हलतो. मन तेव्हा भलतीकडेच असतं.

वेंडी वूड या अमेरिकन संशोधिकेने सहकाऱ्यांबरोबर कॉलेजच्या मुलांना दिवसभर दर तासाला ‘आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय’ हे लिहायला लावलं. 2002 साली आलेल्या त्या अभ्यासात सुमारे 43 टक्के कामं अशी निघाली, की मुलं ती जवळजवळ रोज, त्याच जागी आणि बहुतेक वेळा दुसराच विचार करत करत होती. हा आकडा तिकडच्या विद्यार्थ्यांचा आहे, तो जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण सकाळी उठल्यापासून कामावर पोचेपर्यंत आपण खरोखर किती गोष्टी ठरवून केल्या, हे एकदा आठवून बघा.

मेंदूत नेमकं काय होतं?

थोडक्यात सांगतो, कारण या प्रश्नावर लोक लवकर जांभया देतात.

मेंदूच्या खोल भागात गाभ्यासारखे काही पुंजके आहेत, बेसल गँग्लिया त्यांचं नाव. पुन्हा पुन्हा केलेली हालचाल हळूहळू यांच्या ताब्यात जाते. अॅन ग्रेबिएल या मेंदूसंशोधिकेच्या प्रयोगशाळेत उंदरांना इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या चक्रव्यूहात सोडत, शेवटी गोड खाऊ ठेवलेला असे. सुरुवातीला उंदीर पळत असताना या भागातल्या पेशी वाटभर सक्रिय दिसायच्या. पळणं अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला उसळू लागल्या. मधला सगळा प्रवास एकाच गाठोड्यात बांधला गेला होता. सवय मध्येच तोडणं अवघड का जातं, ते यावरून कळतं. पुडी फोडायच्या आधी थांबता येतं, फोडल्यावर कोण थांबतो?

दुसरी गोष्ट हेन्री मोलेसन यांची. 1953 मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतला स्मृतीचा महत्त्वाचा भाग काढला गेला. त्यानंतर नवीन काहीच त्यांच्या लक्षात राहत नसे. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्यांचा हात चांगला बसला, पण दरवेळी ते म्हणत, हे मी पहिल्यांदाच करतोय. म्हणजे डोक्याला आठवत नसलं तरी हात शिकू शकतो.

21 दिवसांत सवय लागते, हे खरं का?

खरं नाही, पण व्हॉट्सअॅपवरून जाणार नाही.

या 21 दिवसांचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या लिखाणात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णांना निदान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातला ‘निदान’ वाटेत गळला, ‘चेहरा’ही गळला आणि उरले ते 21 दिवस.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. 96 जणांनी जेवणानंतर पाणी पिणं, नाश्त्यानंतर चालणं अशी एकेक साधी गोष्ट 12 आठवडे केली. ती आपोआप व्हायला लागेपर्यंत मधला आकडा 66 दिवसांचा निघाला. पण एक माणूस 18 दिवसांत तिथे पोचत होता आणि दुसऱ्याला, गणिताने अंदाज बांधला तर, 254 दिवस लागले असते. प्रयोगच 84 दिवसांचा होता, त्यामुळे तो वरचा आकडा प्रत्यक्ष पाहिलेला नाही, काढलेला आहे. एक मात्र स्पष्ट दिसलं: पाण्याचा ग्लास लवकर अंगवळणी पडतो, व्यायाम पडायला वेळ लागतो.

मध्येच एक दिवस चुकला तर सगळं पहिल्यापासून?

नाही. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. लग्नसराईत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, गावच्या जत्रेत दिवस चुकणारच. खरं नुकसान करतो तो दुसऱ्या दिवशीचा विचार: ‘आता मोडलंच आहे तर पुढच्या सोमवारपासून बघू.’

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा तिथे सुपारी-तंबाखूचा मावा खात नाही म्हणतो. सोलापूर स्टँडवर उतरला की टपरीवर. खोटं बोलतोय का?

बहुधा नाही, आणि हा प्रश्न मला फार आवडतो.

मावा मुलाच्या तोंडात असतो, पण त्याची हाक असते स्टँडबाहेरच्या टपरीत, सुपारी रगडल्याच्या वासात, ‘काय रे, कधी आलास?’ म्हणणाऱ्या मित्रात आणि त्याने न विचारता पुढे केलेल्या पुडीत. पुण्यातल्या ऑफिसात यातलं काहीच नाही. तिथे त्याला मोह आवरावा लागत नाही, कारण मोह फारसा होतच नाही. इथे उतरल्यावर सगळं एकदम अंगावर येतं.

याचं मोठं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. तिथे बरेच अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. हे घरी परतल्यावर काय होणार, या धास्तीने सरकारने ली रॉबिन्स या संशोधिकेला अभ्यास करायला सांगितलं. घरी परतल्यावर त्यातले फार थोडे पुन्हा व्यसनात अडकले. जागा बदलली, संगत बदलली, मिळण्याची सोय बदलली. उलट, व्यसनमुक्ती केंद्रात कोरडा राहिलेला माणूस जुन्या गल्लीत परतल्यावर पहिल्याच आठवड्यात का घसरतो, याचं उत्तरही त्यातच आहे.

तेव्हा मुलाला खोटारडा ठरवण्याआधी एवढंच करा: त्याला स्टँडवर घ्यायला स्वतः जा आणि गाडी दुसऱ्या रस्त्याने घ्या. पहिल्या दोन तासांत टपरी टळली तर सुट्टीचे उरलेले दिवस सोपे जातात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण टपरीवर त्याने किती फरक पडला ते आपण रोज बघतोच. बंदीवर विसंबून राहू नका, रस्त्यावर विसंबा.

म्हणजे इच्छाशक्तीला काही अर्थच नाही?

आहे, पण आपण तिच्याकडून भलतीच अपेक्षा करतो. सुरुवात करायला ती लागते. रोज रात्री अकरा वाजता, दमलेलं असताना, समोर फरसाण ठेवून तिला राखणीला बसवलं तर ती हरणारच.

वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2011 सालचा एक प्रयोग मजेदार आहे. सिनेमागृहात लोकांना फुकट पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही तेवढेच खाल्ले, आवडले नाहीत असं सांगत खाल्ले. त्याच सवयीच्या लोकांना साध्या बैठकीच्या खोलीत शिळे दिले तर त्यांनी ते बाजूला सारले. आणखी गंमत म्हणजे सिनेमागृहातच नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तरी शिळे पॉपकॉर्न उरू लागले. हात बदलला तेव्हा कुठे जिभेचं म्हणणं ऐकू आलं.

शिस्तीची म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, ती माणसं दिवसभर मोहाशी कुस्ती खेळत नसतात. त्यांनी घरात, वेळापत्रकात अशी सोय करून ठेवलेली असते की कुस्तीची वेळच कमी येते. माझं मत विचाराल तर, ‘तुझ्यात जिद्दच नाही’ हे वाक्य सोलापुरातल्या घराघरांतून वर्षभरासाठी बंद करावं.

माळ घातल्यावर लोकांची दारू सुटते ती कशी? श्रद्धेने की मानसशास्त्राने?

श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवून मी फक्त दिसतं ते सांगतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा प्रत्येकाच्या नात्यात एखादा माळकरी असतोच.

गळ्यात तुळशीची माळ आली की तीन गोष्टी एकदम होतात. नियम स्वच्छ होतो. ‘कमी पिईन’मध्ये रोज रात्री हिशेब असतो, ‘पिणार नाही’मध्ये हिशेब उरत नाही. दुसरं, माळ सगळ्यांना दिसते. आग्रह करणारा मित्रच हात मागे घेतो, म्हणतो, ‘त्याला नको रे, माळकरी आहे.’ नाही म्हणायचे कष्टसुद्धा वाचतात. तिसरं, सोडलेल्या वेळेच्या जागी काहीतरी येतं: हरिपाठ, एकादशी, संध्याकाळची मंडळी, वर्षाची वारी. नुसती रिकामी जागा ठेवली तर जुनी सवय तिथे परत येऊन बसते. सवय सोडवण्याबद्दल आजचे संशोधक जे सांगतात, ते या एका माळेत बरंचसं आहे.

भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती एकाएकी स्वतःच्या मनाने बंद करू नये. हातपाय थरथरणं, भास, झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग माळ.

यंत्रमागावरचा कामगार न बघता काम करतो, विडी वळणारी बाई गप्पा मारत वळते. ही सवय की कसब?

दोन्ही, आणि हे समजून घ्यायला सोलापूरसारखी जागा नाही.

शहराच्या पूर्वभागातल्या एखाद्या घरात दुपारी जाऊन बसा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. मापाचा पत्रा पानावर ठेवून कात्री फिरते, पान बोटांत येतं, चिमूटभर तंबाखू पसरते, अंगठा आणि तर्जनी एक वळसा देतात, टोक दुमडतं, दोऱ्याचे वेढे बसतात, विडी खाली. या सगळ्यात बाईंची नजर टीव्हीवर असते, बोलणं शेजारणीशी तेलुगूत आणि मधूनच दारातल्या नातवावर मराठीत ओरडणं. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे बोटांना थांबायची मुभा नाही. त्यांना विचारा, ‘आजी, वळसा नेमका कुठल्या बोटाने देता?’ आजी दाखवायला जातात आणि पहिल्यांदाच विडी वाकडी होते. मग हसून म्हणतात, ‘विचारू नका, हात बिघडतोय.’

हात खरंच बिघडतो. फुटबॉलपटूंवरच्या प्रयोगात असंच दिसलंय. चेंडू पायाच्या कुठल्या बाजूने ढकलता याकडे लक्ष द्या म्हटलं, की अनुभवी खेळाडू अडखळतात आणि नवखे सुधारतात. नवख्याला लक्ष लागतं, मुरलेल्याला लक्षच नडतं. भाकरी थापणाऱ्या सुनेला पहिल्या महिन्यात सासूने उभं राहून सूचना दिल्या तर उपयोग होतो. पाच वर्षांनी दिल्या तर भाकरीही फाटते आणि बोलणंही.

मागाचं थोडं वेगळं आहे. तिथे कानही शिकतो. दहा मागांच्या खडखडाटात नवख्याला एकच गोंगाट ऐकू येतो. मुरलेला कामगार पाठमोरा असतो, आणि एका मागाचा ठेका किंचित बदलला की वळतो. कांडी संपत आली असेल, ताण्याची तार तुटली असेल. हात दांड्यावर जातो, माग थांबतो, तुटलेली टोकं चिमटीत येऊन गाठ बसते, पुन्हा खटखट सुरू. विचारलं तर म्हणतो, ‘आवाजावरून कळतंय की.’ त्याला हे कुणी वहीत लिहून शिकवलेलं नाही, आणि त्यालाही ते दुसऱ्याला वहीत लिहून देता येणार नाही.

फरक सांगायचाच तर असा: कसबात शेवटी लक्ष परत आणता येतं. मालाचा दर्जा बदला म्हटलं तर कारागीर हात बदलतो. निव्वळ सवयीला परिणामाशी देणंघेणं नसतं, शिळे पॉपकॉर्न खाणाऱ्यासारखं.

‘सवय झाली आता’ असं लोक गोंगाटाला, घाणीला, त्रासालासुद्धा म्हणतात. हे चांगलं का?

ही वेगळ्या जातीची सवय आहे. इथे आपण काही करायला शिकत नाही, जाणवून घेणं कमी करतो. तेच तेच पुन्हा आलं आणि त्यातून नवीन काही कळलं नाही, की मेंदू त्याला प्रतिसाद देणं सोडतो. ही क्षमता नसती तर कारखान्याशेजारी कुणी झोपू शकलं नसतं. पाहुणा रात्रभर कूस बदलत राहतो, घरातले गाढ असतात. वीज गेली, माग थांबले, की घरातले दचकून जागे होतात.

पण मनाला सवय झाली म्हणून कानाला होत नाही. वर्षानुवर्षं मागाच्या आवाजात काम केलेल्यांची श्रवणशक्ती कमी होते, आणि त्रास वाटेनासा झालेला असतो म्हणून कुणी कानात बोळेही घालत नाही. उघडी गटार, नवऱ्याचं वसकन बोलणं, साहेबाचं रोजचं अपमान करणं, यांचंही तसंच. त्रास वाटेनासा झाला यावरून त्रास संपला असं धरू नका. बाहेरून आलेल्या माणसाला काय खटकतं ते अधूनमधून विचारत जा. नवीन सुनेला सासरी जे खटकतं, त्यातलं निम्मं खरोखर खटकण्यासारखं असतं.

पुन्हा पुन्हा आलेल्या अनुभवाने माणसाचा स्वभाव बदलतो का?

बदलतो. पाण्याचंच घ्या. उजनी धरण जिल्ह्यात असूनही शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी येणार त्या वेळेला घरातलं एक माणूस घरी थांबतं, बॅरल, कळशी, पातेलं, जे हाताला लागेल ते भरतं. अशा घरात वाढलेली मुलगी लग्न होऊन रोज पाणी येणाऱ्या शहरात गेली, तरी झोपण्याआधी बादली भरून ठेवते. नवरा हसतो. तिला कारण विचारलं तर कारण सांगता येत नाही, रिकामी बादली बघवत नाही एवढंच. आता हा तिचा स्वभाव म्हणायचा की सोलापूरच्या नळाचा?

याची दुसरी, जास्त गंभीर बाजू आहे. 1967 मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. (आज तसे प्रयोग करू देणार नाहीत, आणि ते बरंच आहे.) ज्या कुत्र्यांना विजेचे झटके आधी काहीही करून टाळता आले नव्हते, त्यांतली बरीचशी पुढे सुटायची सोपी वाट समोर असूनही पडून राहिली. ‘शिकलेली हतबलता’ हे नाव त्याला मिळालं. गणितात तीनदा नापास झालेला मुलगा चौथ्यांदा पेपर न वाचताच कोरा देतो, तेव्हा आपण त्याला आळशी म्हणतो.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. 2016 मध्ये त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासावरून स्वतःचं जुनं म्हणणं उलटं केलं. लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मुळातलीच प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. त्या मुलाला ‘हिंमत धर’ सांगून काही होत नाही. त्याला सुटतील अशी पाच गणितं रोज द्या, महिनाभर. उत्तर बरोबर येण्याचा अनुभव त्याला पुन्हा पुन्हा यायला हवा, भाषणाचा नव्हे.

चांगल्या सवयींतून चांगला माणूस घडतो का? की ते नुसतं सुविचाराच्या फळ्यावर?

फळ्यावर बहुधा ‘आपण पुन्हा पुन्हा जे करतो तेच आपण असतो’ असं काहीतरी असतं आणि खाली अॅरिस्टॉटल. वाक्य त्यांचं नाही. विल ड्युरंट या अमेरिकन लेखकाने 1926 मध्ये अॅरिस्टॉटलचा विचार सोपा करून सांगताना ते लिहिलं. विचार मात्र अॅरिस्टॉटलचाच: बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तसं न्यायाने वागून वागून न्यायी होतो.

मला हे बरंचसं पटतं, पण एका अडचणीसकट. 1920 च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी हजारो अमेरिकन शाळकरी मुलांना खोटं बोलायच्या, कॉपी करायच्या, पैसे लांबवायच्या संधी गुपचूप देऊन पाहिल्या. वर्गात कॉपी करणारा मुलगा पैशाच्या बाबतीत चोख निघत होता, आणि उलटही. प्रामाणिकपणाचा एकच मोठा साठा कुणाजवळ सापडला नाही. नंतर इतरांनी त्याच आकड्यांत थोडीफार सलगता दाखवली, पण थोडीफारच.

म्हणजे दुकानात मापात कधीच मारत नाही असा व्यापारी बहिणीच्या हिश्शाच्या जमिनीत बेधडक मारू शकतो. त्याने ढोंग केलेलं नसतं. मापाचा सराव त्याला रोज झाला, हिश्शाचा झाला नाही. मुलाला प्रामाणिक करायचं असेल तर प्रामाणिकपणावर निबंध लिहून घेऊ नका. त्याला उरलेले सुटे पैसे परत करायला लावा, फुटलेल्या काचेची कबुली शेजाऱ्याकडे जाऊन द्यायला लावा, खेळात आपण आउट आहोत हे आपणहून सांगायला लावा. प्रत्येक जागेचा सराव वेगळा करावा लागतो.

सिद्धेश्वरांच्या यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीत नेतात त्या उंच काठ्या, हे याचं आपल्या समोरचं उदाहरण. संक्रांतीच्या मिरवणुकीत बाराबंदीतला जो तरुण एवढी उंच काठी तोल सांभाळत नेतो, त्याचा सराव आधीपासून चालू असतो. सरावात तो नुसता तोल शिकत नाही. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, थकलो हे वेळेत सांगणं, दुसऱ्याच्या हातात काठी नीट सोपवणं हेही शिकतो. तोच तरुण सिग्नलला थांबेल का? त्याची हमी मी देत नाही. सिग्नलचा सराव कुणी घेतलेला नाही.

तिशीनंतर स्वभाव बदलत नाही म्हणतात.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्ये असंच लिहिलं होतं, की तिशीपर्यंत स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. नंतर माणसांचा वर्षानुवर्षं माग काढणाऱ्या अभ्यासांत वेगळं दिसलं. जबाबदारीने वागणं आणि मनाचा स्थिरपणा विशीपासून चाळिशीपर्यंत आणि पुढेही सरासरीने वाढतो. नोकरी, संसार, मुलं यांनी रोज लावलेलं वळण त्यामागे असावं. ‘जित्याची खोड’ ही म्हण बहुतेक वेळा दुसऱ्याबद्दल वापरली जाते, एवढं लक्षात ठेवा.

पोराला मारल्याशिवाय शिस्त लागंना. काय करू?

मारल्याने शिस्त लागते ती मारणाऱ्याच्या हजेरीपुरती. बाप दुकानात गेला की शिस्तही दुकानात जाते. मूल जे शिकतं ते असं: पकडलं जायचं नाही, आणि राग आला की हात उचलायचा. हा दुसरा धडा त्याच्याकडून पुढच्या पिढीला जातो. हवं ते वागणं दिसलं की लगेच, त्याच क्षणी, नाव घेऊन सांगा. ‘शहाणा आहेस’पेक्षा ‘दप्तर जागेवर ठेवलंस, बरं झालं’ जास्त लागू पडतं.

मोबाइल सुटत नाही.

सुटणार नाही अशाच बेताने तो बनवला आहे. दरवेळी बक्षीस मिळालं नाही, कधी मिळेल ते कळत नसलं, की जनावर सगळ्यात चिवटपणे कळ दाबत राहतं, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर दाखवून दिलं. दहा रिळांत एक खळखळून हसवतं, म्हणून आपण अकरावं बघतो. झोपायच्या खोलीत चार्जर ठेवू नका, गजराला साधं घड्याळ आणा. बाकीचे उपाय याच्या नंतर.

एमपीएससीचा अभ्यास करते. रोज ठरवते, रोज राहतो.

‘उद्यापासून आठ तास’ यात निमित्त कुठेच नाही. कधी, कुठे, कशानंतर, ते वाक्यात आणा: ‘सकाळी चहाचा कप धुतला की गच्चीतल्या टेबलावर बसून राज्यघटना उघडेन.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीत विद्यार्थ्यांना सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायला सांगितलं होतं. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यापैकी सुमारे पाऊण मुलांनी ते वेळेत पाठवलं. ज्यांनी नुसतंच ‘लिहू’ म्हटलं, त्यांच्यात एक तृतीयांशांनी.

आपल्याकडे एक भर: उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला अभ्यास होत नाही, तो दोष तुमचा नाही. पहाटेची वेळ धरा, अभ्यासिकेत जागा धरा, आणि रोज तीच खुर्ची मिळेल असं बघा.

हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत नव्हतं का?

बरंचसं होतं. पतंजलींच्या योगसूत्रांत अभ्यास, म्हणजे सराव, पक्का होण्यासाठी तीन अटी दिल्या आहेत: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केलेला. पहिल्या दोन आपण घोकतो, तिसरी विसरतो. कंटाळत केलेली हजार आवर्तनं कंटाळ्याचीच सवय लावतात.

हात धुणं, कुलूप पुन्हा पुन्हा बघणं, हीसुद्धा सवयच ना? की डॉक्टरकडे जावं?

कुलूप एकदा ओढून बघणं ही काळजी. मात्र दहा वेळा परत येऊन बघावंसं वाटतं, न बघितल्यास जीव कासावीस होतो, कामाला उशीर होतो, हात धुऊन धुऊन सोलवटले आहेत, तर तो आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अशा माणसाला ‘सोडून दे ना ती सवय’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला गार हो म्हणण्यासारखं आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. जायला लाज वाटत असेल तर सरकारची टेलिमानस ही फुकट दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक 14416, मराठीत बोलता येतं. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक 1800-11-2356. तो तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.